चौदा मिनिटं

कादंबरीत माझे वडील देखणे आहेत.
रुंद खांद्यांचे, कमी बोलणारे.
फोन वाजताच खुर्ची मागे सारून उभे राहतात
आणि एका वाक्यात
सगळा किनारा काळोखात बुडवतात.

पान एकशे बारा.
समासात मी पेन्सिलीनं लिहिलंय :
ते उठलेच नसते.
त्या एप्रिलात डाव्या गुडघ्यात पाणी झालं होतं.

तोर्केल ओसेबो, उपसंचालक, दीपगृह खातं, बर्गन.
नाव तेच ठेवलंय लेखकानं.
आधी पत्र पाठवून रीतसर परवानगी मागितली होती पोरानं.
दिली मी. गेलेल्या माणसाच्या नावाचं
मी काय लोणचं घालू?

खरं घडलं ते एवढंच :
रात्री फोन आला, दिवे विझवा.
वडिलांनी विचारलं, लेखी आहे का?
पलीकडचा माणूस ओरडला.
वडील म्हणाले, हो, कळलं. पण लेखी?

घाबरट नव्हते ते
(कुत्र्यांना सोडून).
बावीस वर्षांत एकही दिवा त्यांनी
सहीशिवाय लावला नव्हता की विझवला नव्हता.
दिवा म्हणजे कुणाचा तरी जीव, म्हणायचे,
आणि जिवाची पावती लागते.

चौदा मिनिटांनी माणूस सायकलवरून आला.
कागद ओला होता.
त्यांनी वेळ लिहिली, सही केली, शाई टिपली.
शाई टिपली, हे युद्धानंतरच्या चौकशीत
तिघांनी वेगवेगळं सांगितलं.

तोवर जहाजं खाडीत शिरली होती
आमच्याच दिव्यांच्या उजेडात,
पाहुण्यांनी जिना चढावा तशी.

कादंबरीत ती खडकांवर फुटतात.
नऊ पानं फुटत राहतात.
युद्ध आठवड्यात आटोपतं,
मासळीबाजाराच्या चौकात वडिलांचा पुतळा,
पुतळ्याच्या डोक्यावर कुरव पक्षी.
हे तेवढं पटलं मला.
पक्ष्यांना कुठलाही इतिहास चालतो.

इकडे, ह्या बाजूला,
नवे मालक त्यांच्याशी हसून बोलले.
पाठ थोपटली एकानं.
त्याच संध्याकाळी वडिलांनी बदलीचा अर्ज केला :
नकाशा संपतो तिथे. लेखी.

वार्दोत दिवे बंदच होते.
त्यांना वातींचे आणि काचांचे साठे मोजायला बसवलं.
एकदा सुका मासा घ्यायला गेले
तर काट्यामागच्या बाईनं तोलून दिला आणि विचारलं,
पावती हवी?
ते म्हणाले, हवी.
ती पावती माझ्याकडे आहे.
दोन किलो शंभर ग्रॅम. युरुन क्विटनेस.
माझी आई.

मी डिसेंबरात जन्मले.
तिथे तेव्हा सूर्य नसतो,
आणि दिवा दिसला तर दंड होता.
खिडकीवर घोंगड्या ठोकून
सुईणीनं मला हातानंच चाचपलं
आणि म्हणाली, मुलगी असावी.

कादंबरीत वडील बर्गनमध्येच राहतात.
टेलिफोनवरच्या एका गोऱ्यापान मुलीशी लग्न करतात,
दोन मुलगे, एक होडी.
मी कुठल्याच पानावर नाही.
दोनदा शोधलं, चष्मा बदलून.

तक्रार नाही, एंद्रे.
तुझं पुस्तक चांगलं आहे, हवामान तर फारच चांगलं.
फक्त, त्या चौदा मिनिटांच्या उजेडात जे गेले
त्यांची नावं वडिलांच्या खणात होती,
त्यांच्याच अक्षरात, गावासकट.
तुझ्या गोष्टीत ती सगळी माणसं म्हातारी होतात.
मग मी कुठल्या तोंडानं म्हणू
की मला माझं पान हवंय?

म्हणत नाही.
पण पुस्तक मिटवतही नाही रात्री,
उपडं ठेवते उशीजवळ.

आणखी एक, पुढच्या आवृत्तीसाठी, जमलं तर :
शेवटच्या वर्षांत, निजताना,
दिव्याच्या बटणावर हात ठेवून ते आईला विचारायचे,
विझवू?
आणि ती हो म्हणेपर्यंत थांबायचे.
कधी कधी ती आधीच झोपलेली असायची.
मग दिवा जळत राहायचा,
आणि ते तसेच बसलेले,
हात बटणावर.